गावभाग ते मिरज : रस्ता उकरला आणि सांगली सपाट नाही हे कळलं

गावभागकर

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं झाली, रोज गावभागातून मिरजेला जातो. तिथं एका लॅबमध्ये नोकरी आहे. सव्वाआठला स्कूटर बाहेर, मग हरभट रोड, स्टेशन चौक, राम मंदिर, पुष्पराज चौक, विश्रामबाग, विलिंग्डन कॉलेज आणि मिरज. डोळे मिटून जाऊ शकतो म्हणतात तसला रस्ता. आणि खरं सांगायचं तर मिटूनच जात होतो.

जानेवारीत आमच्या बाजूचा रस्ता ड्रेनेजसाठी उकरला. 'काम चालू, सहकार्य करा' असा पत्रा लावलाय, त्या पत्र्यालाच आता गंज चढलाय. त्यामुळं बोळाबोळानं जावं लागतं. असाच एका सकाळी बोळात अडकलो. पुढं विटांचा ट्रॅक्टर, मागं शाळेची रिक्षा. बाजूला पिठाची चक्की. सहज बघितलं तर चक्कीच्या दाराच्या चौकटीवर लाल ऑइलपेंटनं पुराच्या पाण्याच्या तीन रेघा ओढलेल्या. सगळ्यात वर २०१९, त्याच्याखाली २०२१, त्याच्याखाली २००५. वरची रेघ माझ्या हेल्मेटच्याही वर.

चक्कीवाले काका बाहेर आले. भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. म्हणाले, "बसून काय बघताय, उतरून बघा." उतरलो. रेघ बरोबर कानाला लागली.

"मोटर कुठं होती तवा?"

"होती तिथंच होती. आता कुठाय बघा."

आत डोकावलो. मोटर माळ्याच्या उंचीवर, लोखंडी अँगलच्या मांडणीवर बसवलेली. तिथनं पट्टा खाली जात्यापर्यंत आलेला, एवढा लांब की मधे फटफट फटफट आपटतो. नवीन गिऱ्हाईकाला वाटतं चक्की बिघडलीय. काका म्हणाले, "बिघडली न्हाई, शाणी झाली."

ट्रॅक्टर हलला, मीही हललो. पण त्या दिवसापासून रेघा बघायचा नाद लागला. काहींनी मुद्दाम ओढून ठेवल्यात, काही गाळाच्या आहेत, काही ठिकाणी अर्धी भिंत रंगवलीय आणि वरची अर्धी तशीच सोडलीय. त्या बघत स्टेशन चौकाकडं निघालं की गंमत दिसते. चक्कीपाशी कानाला असलेली रेघ पुढच्या बोळात छातीला येते, मग कमरेला, मग शटरच्या कुलपाला, मग दुकानाच्या पायरीला. त्यापुढं शोधूनही सापडत नाही. विश्रामबागेत तर प्रश्नच नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पाणी इकडं कमी चढलं होतं. कसलं कमी? पाणी सगळीकडं एकाच पातळीला होतं, मी चढत होतो. चव्वेचाळीस वर्षं या गावात काढली. सांगली म्हणजे परातीसारखं सपाट गाव, असं कुणालाही छातीठोक सांगत आलोय. स्कूटरला चढ कळत नाही हो, ती आपली एकाच आवाजात पळते.

तर मंडळी, तुमच्या रोजच्या रस्त्यावर वाट वाकडी करून काय सापडलं ते लिहा. 'खड्डे' असं कुणी लिहू नका, ते न शोधता सापडतात.

---

अर्धा_चहा

गावभागकर, तुम्हाला हे कळायला रस्ता उकरावा लागला, आम्हा सायकलवाल्यांना रोज मांड्या सांगतात. :) सकाळी मिरजेकडं जाताना घाम येतो, संध्याकाळी येताना वाटतं आपली तब्येत सुधारली. तब्येत-बिब्येत काही नाही, उतार आहे.

---

पेट्रोल_वाचवा

वेळेवर कामाला जावा की राव. रेघा मोजत बसलाय.

---

सिमेंटवाला

विषय आवडीचा आहे म्हणून जरा सविस्तर.

गावभागकर, रेघा बघताना एक काळजी घ्या. भिंतीवर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. गाळाची रेघ असते ती पाण्याची खरी पातळी. तिच्याही वर एक पिवळट, पोपडे सुटलेली लाट दिसते, ती ओलीची. पाणी आठवडाभर उभं राहिलं की विटा ते वर शोषून घेतात, दिव्यात वात तेल ओढते तसं. ती पाण्याच्या पातळीपेक्षा फूट-दोन फूट वर जाऊ शकते. लोक ती दाखवून 'आमच्यात एवढं पाणी होतं' म्हणतात आणि चुलत्याशी वाद घालतात. तुमच्या चक्कीवाल्यांनी ऑइलपेंट वापरला हे बेस केलं.

दुसरं. तुम्ही चढ म्हणताय तो आहेच, पण सांगलीत पाणी नदीपासून सरळ चालत येत नाही. मोठ्या नद्या वर्षानुवर्षं काठावर गाळ टाकतात, त्यामुळं काठ उंच होतो आणि मागची जमीन खोलगट राहते. आयर्विन पुलाजवळ कृष्णा चढली की ओढ्या-नाल्यांचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरतं. म्हणून घाटावरचा माणूस निवांत असतो आणि नदी जिथनं दिसतसुद्धा नाही तिथला माणूस गादी माळ्यावर टाकत असतो. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉटवाल्यांना विचारा. शामरावनगरला तर नुसत्या पावसाचंही पाणी तुंबतं. नदी आपल्याकडं पुढच्या दारानं येत नाही, मोरीतनं येते.

४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. पण फूट म्हणजे पुलापाशी मोजलेले फूट. तुमच्या उंबऱ्याला किती फुटाला पाणी लागतं, हा आकडा ज्याचा त्यानं काढून ठेवावा. आमच्या घरी तो फ्रिजच्या दारावर लिहिलेला आहे.

---

सदाशिव_पेठेतली_सांगलीची

सिमेंटवाला, फ्रिजवरचा आकडा वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. मी पुण्यात असते. पावसाळ्यात आईला फोन लावला की 'कशी आहेस, जेवलीस का' राहतं बाजूला, पहिला प्रश्न 'आयर्विनला किती?' ऑफिसातल्या मैत्रिणीला वाटायचं आयर्विन म्हणून आमचे कोणी नातेवाईक आजारी आहेत आणि त्यांना ताप आहे. एकदा तिनं विचारलंही, "उतरला का गं त्यांचा?"

कुणी पुण्याला येत असेल तर भडंग आणा. इथली मिळते ती भडंग नाही, चिडलेला चुरमुरा आहे.

---

पाटलांची_थोरली

मी हरिपूरची, शाळा सांगलीत. माझा नेहमीचा रस्ताच लोकांचा फिरायचा रस्ता आहे, त्यामुळं मला वाट वाकडी करायला फारसा वाव नाही. :) तरी एक सांगते.

हरिपूर रोडला चिंचेची जुनी झाडं आहेत. फेब्रुवारी-मार्चला खाली पडलेल्या चिंचांवरनं गाड्या जाऊन रस्ता चिकट होतो. मी एकदा त्यावरनं घसरले. फार लागलं नाही, पण उठून बसल्यावर समोर शेताच्या कडेला मातीचा उंचवटा दिसला, त्यावर बाभळीची काटेरी फांदी टाकलेली. रोज बघत असणार मी तो, पण रस्त्यावर बसून कधी बघितला नव्हता. घरी आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "पेव आसंल."

हळद साठवायची जमिनीखालची पेवं मी लहानपणापासून ऐकत आले, पण शाळेतल्या पाठासारखी. पेव कसं असतं ते आजोबांनी त्या दिवशी जेवताना ताटात आमटीची वाटी ठेवून सांगितलं. तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत खाली पोट मोठं, रांजणासारखं. हरिपूरची माती अशी की खोल खणलं तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. खाली-कडेला पाचट, पाला लावायचा, वर हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही, उजेड नाही, त्यामुळं कीड नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच. भाव आला की पेव उघडायचं.

आणि उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही. हे सांगताना आजोबांचा हात घासासकट थांबला होता. आतली हवा कोंडलेली, माणूस उतरला की वर यायचा नाही. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस. ते तरुणपणी हमाली करत. पेवातनं वर आलं की आठवडाभर घामसुद्धा पिवळा यायचा म्हणाले.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. चिंब झालेली हळद काढायला आणि वाळवायला ऊनही नव्हतं. त्यानंतर बरीच पेवं बुजली. आता हळद गोदामात, कोल्ड स्टोरेजला.

---

अर्धा_चहा

थोरल्या बाई, चिंचेवरनं घसरून इतिहास सापडलेल्या तुम्ही पहिल्याच.

---

पेट्रोल_वाचवा

लागलं किती ते पण सांगा की. गुडघा का कोपर?

---

पाटलांची_थोरली

कोपर. आणि टिफिन. शेवग्याची आमटी रस्त्यावर.

---

जवारी

मिरजेकडनं लिहितोय. तुम्ही सगळे सांगलीतनं निघून मिरजेत 'पोचता', पण मिरज बघत कुणी नाही. स्टँड, दवाखाना, जंक्शन, संपलं. गावभागकर, तुमची लॅब मिरजेत आहे म्हणताय, म्हणजे सतारमेकर गल्ली तुमच्यापासून फार तर पाच मिनिटांवर असणार. नऊ वर्षांत किती वेळा गेलात, खरं सांगा.

आमच्या गल्लीत वर मान करून चाला. दुकानांच्या आढ्याला भोपळे टांगलेले दिसतील, वाळलेले, माणसाच्या डोक्यापेक्षा मोठे. खायचा नव्हे हा, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमेच्या काठाला पिकतो, तिथनं येतो. निवडताना टिचकी मारून, हातात फिरवून, कानाला लावून बघतात. बाजारात नारळ निवडतो तसंच, फक्त हा नारळ पुढं पन्नास वर्षं बोलणार असतो.

शिकलगार लोक, तलवारी-भाल्यांना धार लावणारे, त्यांचं काम संस्थानी काळात कमी झालं. त्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडं वळले, तिथनं ही सगळी परंपरा. २०२४ ला मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पेपरात आलं, सत्कार झाले, दुसऱ्या दिवशी सगळे परत कानस घेऊन बसले.

आता ऐकायची गोष्ट. सकाळी अकराच्या आत या, गाड्यांचा आवाज वाढला की कळत नाही. जवारी, म्हणजे तारेतला गुंजणारा सूर, काढायचं काम चालू असेल तिथं नुसतं उभं राहा. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी. तिचा वरचा पृष्ठभाग कानशीनं एवढा-एवढासा घासायचा, तार टेकवायची, छेडायची, परत उचलायची, परत घासायची. आधी तार नुसती 'टण्ण' करते, पत्र्यावर खडा पडल्यासारखी. घासता घासता एका क्षणी तिच्यातनं भुंगा सुटतो. कारागिराचा हात तिथंच थांबतो. एक घास जास्त झाला की सगळं पहिल्यापासून. माझे चुलते म्हणायचे, जवारी डोळ्यानं काढणारा सुतार, कानानं काढणारा सतारमेकर.

मीरासाहेबांच्या दर्ग्यातही जाऊन या. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ ला ते तिकडं दक्षिणेत प्रवासात असताना गेले, पण आणलं मिरजेलाच. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं चालतं. तेवढ्या उरुसाच्या रात्री सोडल्या तर दुपारी तिथं सावली आणि कबुतरं.

---

गावभागकर

जवारीभाऊ, खरं सांगतो. शून्य वेळा. लॅबच्या मागच्या खिडकीतनं कधीमधी 'टण्ण टण्ण' ऐकू येतं, मी समजत होतो कुणाचं तरी गॅरेज आहे.

---

वडाप_क्र_६

मी कॉलेजला विश्रामबागला जाते, वडापनं, म्हणजे शेअर रिक्षानं. तुमच्यासारखं वाट वाकडी करायचं स्वातंत्र्य आम्हाला नाही, आमची वाट रिक्षावाले मामा वाकडी करतात. तीनची सीट, पाच बसलेले, आणि पुढं मामांच्या दोन्ही बाजूंनी एकेक. एखादी म्हातारी म्हणते, "बाबा, जरा दारात सोड रं," की रिक्षा वळली बोळात. मागं आम्ही प्रॅक्टिकलला उशीर म्हणून चुळबुळ करतोय.

अशाच एका वळणात मला मार्केट यार्डात हळदीचा सौदा दिसला. हळदीच्या पोत्यांच्या रांगा आणि त्यांच्यापुढं माणसांचा घोळका एकेका ढिगापाशी सरकतोय. एक जण हळकुंड उचलतो, काट्कन मोडतो, आतला रंग बघतो, टाकून देतो. सगळ्यांच्या पायाखाली मोडलेल्या हळकुंडांचा खच. मामा म्हणाले, "हितं आर्धा तास हुबी ऱ्हा, लग्नाची हळद लावायचा खर्च वाचंल." रिक्षातल्या सगळ्या बाया हसल्या, मी सोडून. घरी जाऊन ओढणी झटकली तर खरंच पिवळं निघालं.

---

मीटरगेज

मी वाचनमात्र असतो, पण वर स्टेशन चौकाचं नाव आलं म्हणून लिहितो. वय सत्तर आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

तुम्ही सगळे रोज स्टेशन चौकातून जाता. स्टेशन कुठे आहे तिथे? आत्ताचं सांगली स्टेशन केवढं लांब आहे. कधी प्रश्न पडला का?

पूर्वी स्टेशन तिथेच होतं. मिरजेहून सांगलीला मीटरगेजचा फाटा होता, गावात येऊन संपायचा. मी लहान असताना वडिलांबरोबर मिरजेला त्या गाडीने गेलेलो आहे. अंतर एवढं कमी की तिकीट खिशात ठेवेपर्यंत मिरज येई, असं वडील म्हणत. खिडकीतून शेतं दिसायची. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज झाली, मोठी लाइन नव्या स्टेशनवरून गेली आणि गावातला फाटा उखडला. रूळ गेले, स्टेशन गेलं, चौकाचं नाव तेवढं राहिलं. माझी नात विचारते, "आजोबा, पोलीस स्टेशन का?"

मिरज जंक्शनवर त्या काळी तिन्ही मापांचे रूळ होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज. आषाढीला त्या छोट्या गाडीच्या टपावरही वारकरी बसलेले असत. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की लोक उतरून, शेताच्या कडेला विधी उरकून परत पुढच्या डब्यात चढत. ही थाप नाही, मी चढलेलो आहे.

२०१६ ला लातूरला पाणी घेऊन गाडी गेली तीही मिरजेहूनच. आम्ही चार म्हातारे मुद्दाम बघायला गेलो होतो. टाक्यांच्या वाघिणी नुसत्या उभ्या, पाणी भरताना बघण्यासारखं काहीच नसतं. तरी दोन तास उभे राहिलो.

---

सिमेंटवाला

मीटरगेज काका, दंडवत. मी त्याच चौकात दहा वर्षं चहा पितोय. नाव कुठनं आलं असा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही, आणि बाकीच्यांना जमिनीच्या पातळ्या शिकवतोय.

एक जोडतो. रेल्वेवाले लाइन टाकताना शक्यतो तीव्र चढ टाळतात. त्यामुळं तो जुना फाटा कुठनं कुठनं आला असेल ते जुन्या नकाशावर बघायला पाहिजे. गावभागकर, तुमचा चढ आणि काकांचे रूळ यांची गाठ पडते का ते बघू. माझ्याकडं एक संस्थानकालीन नकाशाची झेरॉक्स आहे, पण तिच्यावर नेमकी तिथंच घडी पडून फाटलीय.

---

पेट्रोल_वाचवा

मी पण लिहितो एक. हसू नका.

मी सांगलीवाडीचा. रोज आयर्विनवरनं येतो. १९२९ चा पूल, व्हाइसरॉयचं नाव, हे सगळं माहितीय, पाठ आहे. पण मागच्या डिसेंबरात गाडी पंक्चर झाली म्हणून पुलावरनं ढकलत निघालो. पहिल्यांदाच चालत. तर खाली काठावर चार-पाच लोक बोट दाखवत उभे. मी पण थांबलो. पलीकडच्या चिखलावर लाकडाचा ओंडका पडलेला. मी म्हटलं, ओंडका बघायला काय जमलाय? तेवढ्यात ओंडक्यानं तोंड उघडलं.

मगर. ऊन खात पडलेली, जबडा वासून. हलत नाही, डुलत नाही. आणि तिच्यापासनं पन्नास पावलांवर एक बाई निवांत धुणं आपटत होती. मी वरनं ओरडलो, "ओ वैनी, मगर!" तिनं वर बघितलं, म्हणाली, "रोजचीच हाय."

पंक्चरला चाळीस रुपये गेले. वसूल झाले.

---

अर्धा_चहा

'वेळेवर कामाला जावा की राव' असं मघाशी कोण म्हणत होतं?

---

गावभागकर

मंडळी, आज सकाळी जवारीभाऊंच्या सांगण्यावरनं गेलो गल्लीत. पावणेनऊ. एक म्हातारबाबा उंबऱ्यात मांडी घालून तानपुऱ्याच्या घोडीवर कानस चालवत होते. मी हेल्मेट काढून उभा राहिलो. टण्ण, टण्ण, टण्ण. दहा मिनिटं नुसतं टण्ण. मग त्यांनी तारेखाली एक बारीक दोरा सरकवला, नखभर मागं घेतला, आणि तो भुंगा सुटला. माझ्या हातातल्या हेल्मेटची काच थरथरल्यासारखी वाटली. बाबांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "मला काय कळतंय." ते म्हणाले, "मान हलली तुमची."

कामावर अठरा मिनिटं उशीर. साहेबांनी कारण विचारलं, रस्ता उकरलाय म्हणून सांगितलं. खोटंही नाही म्हणा.

येताना चक्कीवर थांबलो, दळण होतंच. काकांना म्हटलं, आमच्यात एक जण उंबऱ्याचा आकडा फ्रिजवर लिहून ठेवतो. त्यांनी पिठाच्या बोटानं फळीवर काहीतरी लिहिलं आणि पुसलं. "लिवून ठिवून काय करायचं, माज्या पायाला म्हाईत हाय," म्हणाले. आणि दळणाचे पैसे घेताना, "त्ये सिमेंटवाले कोण त्यास्नी म्हणावं पट्टा लई आपटतोय, कायतरी सुचवा."

सिमेंटवाला, ऐकताय ना?

---

सिमेंटवाला

ऐकतोय. पट्टा एवढा लांब असला की मधे ताण द्यायला एक फिरती पुली लागते. भंगारात मिळेल. रविवारी दहाला चक्कीवर येतो, नकाशाची झेरॉक्स पण आणतो. मीटरगेज काका, तुम्हाला घ्यायला येऊ का?

---

मीटरगेज

या. पण स्कूटर नको. चालत जाऊ, चढ कुठे लागतो ते मला बघायचं आहे.

---

सदाशिव_पेठेतली_सांगलीची

आणि माझ्या भडंगचं काय??